दूध आईचे, वेळ मालकाचा

१९६४ च्या मे महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहरी गेले असता, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या एका उपाहारगृहात त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी माघार घेतली नाही, तेव्हा त्यांना अटक झाली. त्याच वर्षीच्या जुलैत नागरी हक्कांचा कायदा संमत झाला आणि उपाहारगृहांच्या दारांवरील पाट्या उतरल्या. पाट्या उतरल्या म्हणजे विषमताही गेली, असे मानण्याकडे तेथील पुष्कळ सुशिक्षितांचा तेव्हापासून कल राहिला आहे. वस्तुतः विषमता गेली नाही. तिने मुक्काम तेवढा हलविला. तो नवा मुक्काम पाहावयाचा तर बाळंतिणीच्या खोलीत डोकावावे लागेल.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०१५ साली जन्मलेल्या मुलांविषयी दिलेले आकडे पाहा. गोऱ्या अर्भकांपैकी ८५.९ टक्के अर्भकांना कधी ना कधी अंगावरचे दूध मिळाले. कृष्णवर्णीय अर्भकांत हे प्रमाण ६९.४ टक्के होते. सहाव्या महिन्यापर्यंत आकडे अनुक्रमे ६२ आणि ४४.७ टक्क्यांवर आले. याच देशात २०२२ साली दर हजार जन्मांमागे कृष्णवर्णीय अर्भकांचा मृत्युदर सुमारे १०.९ आणि गोऱ्यांचा ४.५ होता. अर्भकमृत्यूची कारणे अनेक असतात आणि सगळा दोष दुधाच्या माथी मारणे अशास्त्रीय ठरेल. परंतु आईचे दूध संसर्गापासून संरक्षण देते, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. आणि हे संरक्षण ज्यांना सर्वांत अधिक हवे त्यांनाच ते सर्वांत कमी मिळते, ही गोष्ट निसर्गाने घडविलेली नाही.

या तफावतीचे प्रचलित स्पष्टीकरण सर्वांच्या परिचयाचे आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांत जाणीव कमी, त्यांच्यात तशी परंपरा नाही, सबब त्यांचे प्रबोधन करावे, भित्तिपत्रके लावावीत. गरिबाच्या प्रत्येक दुःखाचे कारण गरिबाच्या अज्ञानात शोधण्याची ही जुनीच रीत होय. तिच्यात एक मोठी सोय असते. अज्ञान हा दोष ठरला की ना मालकाला काही द्यावे लागते, ना शासनाला.

परंपरेचा इतिहास

'परंपरा नाही' असे म्हणणाऱ्यांनी ती कोणी मोडली हेही सांगितले पाहिजे. गुलामगिरीच्या काळात मळेवाल्यांच्या घरी दूधदाई म्हणून कृष्णवर्णीय स्त्रिया राबविल्या जात. अशा दाया विकणे आहे वा भाड्याने देणे आहे, अशा जाहिराती वर्तमानपत्रांतून येत. मालकाच्या लेकराला पाजून झाल्यावर उरेल ते स्वतःच्या लेकराला. शेतावर राबणाऱ्या आईला पाजण्यासाठी किती वेळ सोडावयाचे, हे मुकादम ठरवी. स्त्रीचे दूध आणि स्त्रीचा वेळ या दोहोंवर मालकाची सत्ता होती. मग त्या पिढ्यांच्या आठवणीत पाजणे हे वात्सल्याऐवजी वेठबिगारीचे चिन्ह होऊन राहिले असेल, तर नवल ते काय?

गुलामगिरी गेली आणि बाजार आला. १९४६ साली उत्तर कॅरोलिनातील रीड्सव्हिल येथे फुल्ट्झ नावाच्या गरीब कृष्णवर्णीय शेतमजूर कुटुंबात एकसारख्या दिसणाऱ्या चार मुली एकाच वेळी जन्मल्या. बाळंतपण करणाऱ्या गोऱ्या डॉक्टराने त्यांना नावे दिली आणि 'पेट मिल्क' या कंपनीशी सौदा केला. आटवलेल्या डबाबंद दुधाच्या जाहिरातींत या मुली वर्षानुवर्षे झळकल्या. कृष्णवर्णीय मातांना गिऱ्हाईक करण्यासाठी कृष्णवर्णीय बालकांचेच चेहरे वापरण्यात आले. तेव्हा ज्यांनी डबा विकला त्यांचा वाटा विसरून ज्यांनी तो घेतला त्यांच्या 'संस्कृती'ला बोल लावणे, हा न्याय नव्हे.

रुग्णालय कोणत्या वस्तीत?

आजच्या आईची गोष्ट रुग्णालयापासून सुरू होते. जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी देणे, आई व बाळ यांना एकाच खोलीत ठेवणे, वैद्यकीय गरज नसता वरचे दूध न देणे, या साध्या रीतींवर पुढचे सहा महिने अवलंबून असतात. उपरोक्त केंद्राने २०१४ साली रुग्णालयांचे दोन गट करून तुलना प्रसिद्ध केली. ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून अधिक होते तेथील रुग्णालयांपैकी ४६ टक्के रुग्णालये पाजणे लवकर सुरू करून देत. इतर वस्त्यांत हेच प्रमाण जवळजवळ ६० टक्के होते. गरज नसता वरचे दूध टाळणारी रुग्णालये पहिल्या गटात १३ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे २६ टक्के निघाली. म्हणजे आईने काही ठरविण्याआधीच तिच्या वस्तीने पुष्कळसे ठरवून टाकलेले असते.

फुकट दुधाची किंमत

आईचे दूध फुकट मिळते, असे म्हणण्याची पद्धत आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे विधान तपासण्याजोगे आहे. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. त्यात रोजचे कित्येक तास जातात. स्त्रीच्या वेळेची किंमत शून्य धरली तरच हे दूध फुकट ठरते. ताशी मजुरीवर जगणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ती किंमत शून्य नसते. तिच्या घरभाड्याइतकी ती खरी असते.

अमेरिकेत आजही राष्ट्रीय पातळीवर पगारी बाळंतरजेचा कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी. तीही किमान पन्नास कामगार असलेल्या मालकाकडे वर्षभर काम करून १,२५० तास भरले तर. हजारो घरांत ही रजा कागदावरच राहते, कारण बिनपगारी रजा घेण्यासही पदरी पैसा लागतो. सफाई, स्वयंपाकघरे, दुकाने आणि वृद्धांची शुश्रूषा अशा कमी मजुरीच्या कामांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. १९९६ साली तेथील गरिबांच्या साहाय्य योजनेला कामाची अट जोडण्यात आली. वर्षाखालील मूल असलेल्या आईला सूट द्यावी की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर सोडले गेले. एका हाताने 'सहा महिने फक्त अंगावर पाजा' असे पत्रक द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने बाळंतिणीला कामावर पिटाळावयाचे, असा हा शासनव्यवहार आहे.

२०१० च्या आरोग्यविमा कायद्याने दूध काढण्यासाठी सुटी व आडोशाची जागा देणे मालकांवर बंधनकारक केले. शिक्षिका, परिचारिका यांसारखे अनेक वर्ग त्यातून वगळले गेले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांना डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने सामावून घेतले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र ही सुटी पगारी असलीच पाहिजे, अशी सक्ती नाही. २०२१ साली प्रतिनिधिगृहाने चार आठवड्यांच्या पगारी रजेचे कलम मंजूर केले. ते सेनेटमध्ये मेले.

डबा आणि सत्ता

आईचा वेळ मालकाने घेतला की बाळासाठी बाजाराचा डबा तयारच असतो. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेत पर्यायी दुधाच्या विक्रीतंत्राला आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता मताला आली. ११८ देशांनी ती उचलून धरली. विरोधी मत एकच पडले, रेगन यांच्या अमेरिकेचे. ती संहिता अमलात आणणारा कायदा त्या देशाने आजवर केलेला नाही.

गरीब माता व बालके यांच्या पोषणासाठी १९७२ साली सुरू झालेली सरकारी योजना ही तेथील पावडरीच्या दुधाची सर्वांत मोठी खरेदीदार आहे. देशातील खपाचा निम्म्याच्या आसपास भाग तिच्यामार्फत जातो. या योजनेने लाखो मुलांची भूक भागविली, हे नाकारण्याचे कारण नाही; तिने स्तनपानासाठी वस्तीतल्याच अनुभवी माता सल्लागार म्हणून नेमल्या, हेही चांगले झाले. तथापि, प्रत्येक राज्यात योजनेचा ठेका एकाच कंपनीला मिळत गेल्याने मक्तेदारी बळावली. २०२२ च्या फेब्रुवारीत अ‍ॅबट कंपनीचा मिशिगनमधील एकच कारखाना बंद पडला आणि जगातील सर्वांत श्रीमंत देशात आया रिकामी फडताळे पाहत दुकानोदुकानी फिरल्या. सरकारला परदेशांतून विमानाने दूध आणावे लागले.

डेट्रॉइट शहरात तर याहून उघडा प्रकार घडला. मेडोलॅक नावाची कंपनी तेथील कृष्णवर्णीय मातांचे दूध विकत घेऊन रुग्णालयांना विकण्याची योजना घेऊन आली. 'ब्लॅक मदर्स ब्रेस्टफीडिंग असोसिएशन' या तेथील संघटनेने जाहीर जाब विचारला: आमच्या वस्तीतील बाळांनाच हे दूध पुरत नसता ते बाहेर का जावे? दूधदाईचा इतिहास अद्याप कोणी विसरलेले नव्हते. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने योजना मागे घेतली.

धोरण बदलले की आकडे बदलतात

या प्रश्नावर उपायच नाही, असा निराशेचा सूर लावण्यास मात्र जागा नाही. आणि आशेची सर्वांत ठळक खूण सापडते ती लोहियांना अटक झालेल्या मिसिसिपीतच. २०१४ ते २०१७ या काळात मिसिसिपी, लुइझियाना, टेनेसी व टेक्सस या राज्यांतील तेहेतीस रुग्णालयांनी बाळंतपणानंतरच्या रीती सुधारल्या, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि वस्तीतील स्त्रीसंघटनांना बरोबर घेतले. तेथील कृष्णवर्णीय अर्भकांत स्तनपान सुरू होण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले आणि गोऱ्यांशी असलेले अंतर सुमारे साडेनऊ टक्क्यांनी घटले. तीन-चार वर्षांत कोणाची संस्कृती बदलत नाही. रुग्णालये बदलली, म्हणून आकडे बदलले.

या कामी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांचा वाटा मोठा आहे. डेट्रॉइटची वर उल्लेखिलेली संघटना, अटलांटात २०११ साली उभी राहिलेली 'रोझ', २०१३ पासून ऑगस्टच्या अखेरीस पाळला जाणारा कृष्णवर्णीय स्तनपान सप्ताह, ही सारी त्यांची निर्मिती. त्यांचे म्हणणे 'प्रत्येक स्त्रीने पाजलेच पाहिजे' असे नाही. आजारपणामुळे, दूध न आल्यामुळे वा स्वेच्छेने जी आई वरचे दूध देते तिला दोषी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु निवडीचे स्वातंत्र्य म्हणावयाचे तर दोन्ही वाटा मोकळ्या हव्यात. एका वाटेवर मालकाचे घड्याळ आणि दुसऱ्या वाटेवर कंपनीची जाहिरात उभी असेल, तर त्या निवडीला स्वातंत्र्य म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला. पगारी रजा, कामावर पगारी सुटी, गरीब वस्त्यांतील रुग्णालयांना पुरेसा पैसा, विम्यातून मानधन मिळणाऱ्या वस्तीतल्याच सल्लागार आणि कंपन्यांच्या जाहिरातींवर कायद्याचा अंकुश, या मागण्या त्यातून निघतात.

येथील कार्यकर्त्यांनी हे वाचून अमेरिकेला नावे ठेवण्यात समाधान मानू नये. १९८१ ची संहिता भारताने १९९२ साली कायद्यात उतरविली, ही अभिमानाची गोष्ट आहे. बाळंतरजा २०१७ साली सव्वीस आठवड्यांची झाली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आली. पण ती ज्यांच्या नावावर हजेरीपट आहे त्यांच्यासाठी. मुकादमाची उचल घेऊन फडावर गेलेल्या ऊसतोड जोडप्यात बाई बाळंत झाली, तर एका दिवसाच्या खाड्याचे पैसेही कापले जातात. तिच्या बाळाची झोळी उसाच्या फडाशेजारी टांगलेली असते. ती कोणत्या जातींतून, कोणत्या तालुक्यांतून येते, हे सांगण्याची गरज नाही. तिथे वर्ण, इथे जात. मालकाचे घड्याळ दोन्हीकडे एकच.

लोहियांच्या सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समता आणि कातडीच्या रंगावरून होणाऱ्या विषमतेचा अंत या दोन वेगळ्या क्रांत्या म्हणून मांडल्या आहेत. मिसिसिपीतील कृष्णवर्णीय बाळंतीण त्या दोन्हींच्या सांध्यावर उभी आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येथे स्तनपान सप्ताहाची भित्तिपत्रके लागतील, तेव्हा कार्यकर्त्यांनी त्यांच्यासमोर उभे राहून एवढेच विचारावे: या बाईने बाळाला पाजावे, हे खरे, पण त्या अर्ध्या तासाची मजुरी कोण देणार?