थ्रीडी प्रिंट केलेली धातूची जाळी कयाधू साफ करेल का?

आमच्या हिंगोलीत शर्टाला हळद लागली की आई म्हणते, "धू आणि उन्हात टाक." डाग उडतो, कारण उन्हाने रंगाचा रेणूच मोडतो. सांडपाण्यातले रंग आणि औषधांचे अंश काढायचे तर असंच काहीतरी करावं लागतं.

त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. १८९४ मध्ये हेन्री फेंटन यांनी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आल्यावर होणारी क्रिया मांडली; याच क्रियेने असे रेणू तुटतात. लोह इथे उत्प्रेरक. पण विरघळलेलं लोह शेवटी गाळ होऊन बसतं आणि पावडर वापरली तर ती पाण्यातून परत काढायची कशी?

इथे थ्रीडी प्रिंटिंग कामाला येतं. लेझर धातूची पावडर थरावर थर वितळवतो आणि जाळीदार ठोकळा तयार होतो. पाणी आरपार जातं, भरपूर पृष्ठभागाला लागतं आणि नंतर ठोकळा उचलून धुता येतो.

मग टाकायचा का कयाधूत? माझं मत, नाही. मेटल प्रिंटर महाग, पेरॉक्साइड सतत लागतं आणि ही क्रिया आम्लधर्मी पाण्यातच जोरात चालते. घरगुती मैला तर प्रक्रिया केंद्रातले जिवाणू स्वस्तात खातात. ही जाळी शोभते रंगाच्या किंवा औषधाच्या कारखान्यात, पाणी बाहेर पडण्याआधी.

म्हणून "नदी साफ करणारी जाळी" असा फॉरवर्ड आला की तीन गोष्टी विचारा: कोणतं पाणी? किती लिटर? जाळी किती दिवस टिकली?