हे खरे आहे काय?

लोकनियुक्त सरकारास प्रश्न विचारणे हा कायदेमंडळाच्या सभासदाचा नुसता हक्क आहे की ते त्याचे कर्तव्यही आहे, याविषयी सुशिक्षित मंडळींत हल्ली मोठी उदासीनता दिसून येते. ‘एकदा निवडून दिले ना, मग पाच वर्षे त्यांस काम करू द्या, रोज उठून हे खरे आहे काय आणि ते खरे आहे काय, असे पुसत बसल्याने काय साधणार?’ असे उद्गार वकील, डॉक्टर, शिक्षक अशा वाचत्या माणसांच्या तोंडून निघतात, तेव्हा आम्हांस मोठा खेद होतो. हे मत चुकीचे तर आहेच. शिवाय आमच्या वऱ्हाडच्या हिताच्या ते मुळावर येणारे आहे, असे दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम इतिहास पाहू. इंग्लंडच्या पार्लमेंटात विचारला गेलेला पहिला नोंदलेला प्रश्न १७२१ सालचा होय. साउथ सी कंपनीच्या भागांचे भाव कोसळून हजारो कुटुंबे धुळीस मिळाली होती. कंपनीचा खजिनदार देशाबाहेर पळून गेला, हे खरे आहे काय, असे लॉर्ड कौपर यांनी सरदारांच्या सभागृहात विचारले. म्हणजे प्रश्न जन्मास आला तोच मुळी पैशाचा हिशेब मागण्यासाठी. आपल्याकडे ही सवलत फार काटकसरीने मिळाली. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची मुभा आली, पण उत्तरावर उपप्रश्न करण्यास बंदी. १९०९ साली ज्याने मूळ प्रश्न केला त्यासच उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर कोणाही सभासदास तो विचारता येऊ लागला. एका उपप्रश्नाच्या हक्कासाठी सत्तावीस वर्षे लागली! परक्या सरकारास त्याची एवढी धास्ती वाटत होती, यावरूनच त्या हत्याराची धार किती असेल ते वाचकांनी ताडावे.

या सुधारणांनी आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती ‘सोपीव’ म्हणून दिवाणांकडे आली आणि तिजोरी मात्र ‘राखीव’ बाजूस राहिली. दिवाणास विचारावे तर तो म्हणणार, ‘पैसा माझ्या हाती नाही’. तिजोरीवाल्यास विचारावे तर तो म्हणणार, ‘ते खाते माझे नाही’. वऱ्हाड-मध्यप्रांताच्या कौन्सिलात १९२३ च्या निवडणुकीने स्वराज्यपक्षास बहुमत मिळाले आणि १९२४ साली त्याने अंदाजपत्रक फेटाळून दिवाणांचा पगार वर्षास दोन रुपये ठरविला. दिवाणांनी राजीनामे दिले आणि सोपीव खाती गव्हर्नरांच्या हाती गेली. परक्या सत्तेचा निषेध म्हणून ती चाल शोभून दिसली, हे आम्ही मान्य करतो. परंतु तिचा खरा धडा असा की, जेथे जबाबदारी दोघांत वाटली जाते तेथे ती कोणाचीच राहत नाही, आणि मग प्रश्न करणाऱ्यास उत्तर देणारा सापडत नाही.

द्विदल पद्धती जाऊन जमाना लोटला, पण ती सबब काही गेली नाही. खामगाव-जालना रेल्वेचेच उदाहरण घ्या. खामगावच्या कापसासाठी जलंबपासूनचा फाटा इंग्रजांनी १८७० सालीच सुरू केला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनास आले होते. तेथून चिखलीवरून जालन्यास जाणाऱ्या मार्गाची मागणी मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ कागदावरच फिरत राहिली. खामगाव-चिखली रस्त्यावरील अमडापूरच्या माणसाने याविषयी कोणास विचारावे? मुंबईस विचारले तर रेल्वे हा दिल्लीचा विषय. दिल्लीस विचारले तर मार्ग परवडणारा नाही, राज्याने खर्चाचा वाटा उचलावा. दोन दरवाजांच्या मधल्या ओसरीवर अमडापूरकर तीन पिढ्या बसून आहे. अशा वेळी आमदाराने मुंबईत आणि खासदाराने दिल्लीत एकाच तारखेचा, एकाच आकड्याचा प्रश्न घालून दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडणे, हा एकच इलाज उरतो. आणि तो भाषणाने नव्हे, प्रश्नानेच साधतो.

आता आर्थिक धोरणाकडे वळू. काही विद्वान म्हणतात, अर्थशास्त्र हा तज्ज्ञांचा प्रांत आहे. आमदारास त्यातले काय कळणार? आम्ही विचारतो, नांदुरा तालुक्यातील पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाचा आकडा वाचण्यास कोणते अर्थशास्त्र लागते? जो प्रकल्प प्रथम चारशे कोटींच्या आत व्हावयाचा होता, त्याचा अंदाज पुढे तेरा हजार कोटींच्या वर गेला. विलंब किती वर्षांचा, त्यापायी खर्च किती वाढला आणि तेवढ्या काळात पाणी किती एकरांस मिळाले, हे तीन प्रश्न कोणत्याही जमाखर्च लिहिणाऱ्या गृहिणीस सुचतील. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाचा पैसा मुंदडा यांच्या कंपन्यांत कसा गुंतला, हे प्रकरण लोकसभेत एका साध्या प्रश्नाने उजेडात आले. फिरोज गांधींनी ते धसास लावले, न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली, आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांस पद सोडावे लागले. फिरोज गांधी स्वपक्षाचेच सभासद होते, ही गोष्ट सत्तारूढ पक्षाच्या मुक्या आमदारांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आमच्या विधानमंडळातील तारांकित प्रश्नाचा साचा वाचकांच्या परिचयाचा असेल. ‘अमुक गावी अमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?’ साचा उत्तम आहे. त्यात पळवाट नाही. पळवाट आहे ती उत्तरात. ‘अंशतः खरे आहे’, ‘चौकशी सुरू आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. ज्याच्या विहिरीस पाणी नाही आणि सोयाबीनास भाव नाही, त्यास प्रश्न उद्भवत नाही असे सांगणे ही थट्टा होय. ही थट्टा चालते, कारण दुसरा उपप्रश्न विचारणारा सभासद अभ्यास करून आलेला नसतो, किंवा प्रश्नोत्तराचा तास गोंधळात बुडालेला असतो.

त्यातून दिवसही कमी होत गेले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरले होते की, सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरास यावे व विधानमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरावे. वऱ्हाड-नागपूरच्या लोकांस आपल्या सरकारचा जाब आपल्या भूमीवर विचारता यावा, हेच त्याचे मर्म. २०२० चे हिवाळी अधिवेशन साथीमुळे मुंबईत भरले आणि दोन दिवसांत आटोपले. साथीचे कारण खरेच होते. पण दोन दिवसांत एका राज्याचा हिशेब होतो, हे कोण मानील? दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा अनुशेष तीन हजार एकशे शहाऐंशी कोटींचा काढला. त्यातून घटनेच्या ३७१ व्या कलमान्वये १९९४ साली विकास मंडळे आली. त्या कलमाप्रमाणे मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावयाचा होता. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. मंडळांनी फार दिवे लावले असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्यांच्याबरोबर प्रश्न विचारण्याचा एक वार्षिक प्रसंगही गेला, याचे दुःख किती जणांस झाले?

जिल्ह्याची कथा याहून वाईट. १९६२ पासून जिल्हा परिषदा हे आमच्या दाराशी आलेले सरकार. बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुका आरक्षणाच्या कज्ज्यांत अडकल्या, आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मुख्य कार्यकारी अधिकारी तोच, प्रशासकही तोच. सर्वसाधारण सभेत उठून ‘शाळेची खोली का पडली, दवाखान्यात औषध का नाही’, असे विचारणारा सभासदच उरला नाही. ‘त्याने काय अडले?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांस आमचे उत्तर असे की, अडलेले सांगणारा माणूसच नाहीसा झाला म्हणून अडलेले दिसत नाही.

प्रतिपक्षाच्या एका आक्षेपात तथ्य आहे, ते आम्ही लपवीत नाही. प्रश्न विकलेही गेले आहेत. पैसे घेऊन प्रश्न विचारण्यास तयार झाल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेने अकरा खासदारांस काढून टाकले. त्यांत महाराष्ट्राचेही होते. पण खोटे नाणे निघाले म्हणून कोणी टांकसाळ बंद करीत नाही. ते नाणे पारखून फेकून देतो. संसदेनेही तेच केले. वाईट प्रश्नावर उपाय अधिक चांगला प्रश्न हाच आहे. तो तास बंद केला तर लबाडास काहीच तोटा नाही. त्याचे काम बंद दारांआडही होते. तोटा होतो तो ज्यास त्या तासाखेरीज दुसरे दार नाही, त्याचा.

शेवटी दोन शब्द आपल्याच वर्गास. आमदारास आपण लग्नपत्रिका देतो, बदलीची चिठ्ठी मागतो, सत्कारास बोलावतो. ‘गेल्या अधिवेशनात आपण कोणते प्रश्न विचारले?’ एवढे मात्र विचारीत नाही. प्रश्नोत्तरांच्या याद्या छापल्या जातात, त्या कोणासही पाहता येतात. अमडापूर काय किंवा अमरावती काय, गावोगावच्या वाचनालयांनी अधिवेशन संपताच आपल्या आमदाराचे प्रश्न व त्यांस मिळालेली उत्तरे फलकावर लावावीत, आणि ज्याने एकही विचारला नसेल त्याच्या नावापुढे कोरी जागा सोडावी. त्या कोऱ्या जागेचे भय मतदानाच्या भयाहून कमी नाही. सरकार मुंबईचे असो वा दिल्लीचे, ते उत्तर देते ते विचारणाऱ्यास. आणि विचारणाऱ्यास विचारण्याचे काम आमचे आहे. ते आम्ही करीत नाही, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?