लघवी सुटते? अंगावर काढू नका

अब्बासिया, सालमिया, मंगाफमधल्या माझ्या मराठी मैत्रिणींनो, खोकला आला, शिंक आली, मंडळाच्या कार्यक्रमात मनापासून हसू आलं की लघवी सुटते. काहींना दाराचं कुलूप उघडेपर्यंत धीर निघत नाही. पाळी जायच्या सुमारास हे वाढतं आणि आपण कुणालाच सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. वर कुवेतचा उन्हाळा, पारा पन्नाशीला टेकलेला, आणि बाहेर जायचंय म्हणून सकाळपासून पाणी बंद! असं करू नका. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. कमी करायचाच तर करक चहा कमी करा.

मूत्रमार्गाचं आतलं अस्तर जाड आणि रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं, म्हणून तो घट्ट मिटतो. खालून स्नायू आणि कोलॅजेनच्या तंतूंची झोळी त्याला उचलून धरते. खोकताना पोटाचा दाब आला की मूत्रमार्ग त्या झोळीवर दाबला जातो आणि बंद राहतो. अस्तर आणि झोळी, दोन्हींवर इस्ट्रोजेनचा परिणाम होतो. पाळी गेली की ते घटतं, अस्तर विरतं, बाळंतपणात ताणलेली झोळी आणखी सैल पडते. ज्यांच्या गर्भपिशवीबरोबर बीजकोशही लवकर काढले गेले, त्यांचं इस्ट्रोजेन तर एकदमच घटतं. आपल्याकडे पिशवी काढायची घाई फार होते, याचं मला वाईट वाटतं.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्या की झालं? नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय. अमेरिकेत २७,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. पोटातून हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हा त्रास नव्याने सुरू होण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि ज्यांना आधीपासून होता त्यांचा वाढला. इस्ट्रोजेनमुळे कोलॅजेनची मोडतोडही वाढते, त्यातून झोळी ढिली होत असावी, असा संशोधकांचा एक कयास आहे. तेव्हा गावाहून येणाऱ्या कुणाकडून अशा गोळ्या मागवू नका. योनिमार्गात लावायचं कमी मात्रेचं क्रीम वेगळं. कोरडेपणा आणि लघवीची घाई यांवर त्याचा अनेकींना उपयोग होतो. पण तेही डॉक्टरांनी दिलं तरच. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं असेल, तर ते आधी सांगा.

झोळीच्या स्नायूंचा व्यायाम मात्र आजच सुरू करा. डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. वायू रोखताना आवळतो ते स्नायू आत-वर ओढायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास चालू ठेवा, पोट आणि नितंब आवळू नका. लघवी करताना धार रोखून सराव करू नका. आठवड्याभरात गुण आला नाही म्हणून सोडून देणाऱ्या बायका फार. या स्नायूंना वेळ लागतो.

लघवीत रक्त दिसलं, जळजळ झाली तर थांबूच नका. एरवीही सुट्टीत गावी गेल्यावर दाखवू म्हणत वर्ष ढकलू नका. सिव्हिल आयडी घेऊन आपल्या भागातल्या दवाखान्यात जा, बाई डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा, साखरही तपासून घ्या. आधीचे तीन दिवस काय काय प्यायलात, किती वेळा गेलात, कधी सुटली, हे कागदावर लिहा. तोंडाने बोलायला लाज वाटली, तर तो कागदच डॉक्टरांपुढे ठेवा.