मेलला तासिका द्या, पण वर्गातली नको



सोमवारी सकाळी शाळेचा मेल उघडला की काय काय दिसतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोषण आहाराची माहिती, यू-डायस प्लसमधल्या दुरुस्त्या, प्रशिक्षणासाठी नावं, दिनविशेषाचे फोटो आणि मागच्याच आठवड्यात दिलेला पट पुन्हा एकदा, फक्त तक्ता वेगळा. निम्म्या मेलच्या विषयात 'तात्काळ' नाहीतर 'आजच'. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख सांगणारं एखादं खरोखर महत्त्वाचं पत्र या सगळ्याच्या खाली कुठेतरी दबलेलं. एवढ्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, "मेल पाहावा."

"एवढे मेल येतात, आपण काय करणार?" असं म्हणून आपण विषय सोडून देतो. माझं मत जरा वेगळं आहे. मेल किती यावेत हे आपल्या हातात नाही. पण ते कधी उघडायचे, कुठे नोंदवायचे आणि आपण स्वतः कसे पाठवायचे, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. त्यासाठी नवीन ॲप किंवा वेगळं प्रशिक्षण लागत नाही. वेळापत्रक, आवक-जावक रजिस्टर आणि पत्रलेखन या तीन गोष्टी आपल्या शाळेत आधीपासूनच आहेत. त्याच मेललाही लावायच्या आहेत.

दहा मिनिटांचा हिशेब

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. आता धरा, या ४ तासांतली फक्त १० मिनिटं मोबाइलवर मेल पाहण्यात गेली. २०० दिवसांची झाली २००० मिनिटं. म्हणजे ३३ तासांहून जास्त. दिवसाला ४ तास या हिशेबाने ८ दिवसांहून अधिक शाळा बुडाली! हजेरीपटावर मात्र शिक्षक पूर्ण वर्ष हजर.

यात एक गोष्ट मोजलेलीच नाही. पहिलीचं मूल जोडाक्षर असलेला शब्द अडखळत वाचत असतं, आपण कान देऊन ऐकत असतो आणि मोबाइल वाजतो. आपली नजर खाली जाते. मूल थांबतं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा ते मूल शब्द नाही, आपला चेहरा वाचत असतं. दोन शिक्षकी शाळेत तर एका शिक्षकापुढे दोन-दोन इयत्ता बसलेल्या असतात. तिथे एका इयत्तेचा धागा तुटला की दुसरीचाही तुटतो.

याच कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. रोजची ऑनलाइन माहिती यात कुठे बसते, हा वाद आहे आणि संघटनांनी तो जरूर मांडावा. पण वाद सुटेपर्यंत आजची तिसरी तासिका थांबून राहणार नाही. म्हणून आपल्या बाजूने काय करता येईल, ते आधी करूया.

मेलची स्वतंत्र वेळ

मराठी, गणित, परिसर अभ्यास, सगळ्यांना वेळापत्रकात जागा आहे. मेललाही द्यावी. माझ्या मते दिवसातून दोन वेळा पुरेत. परिपाठाच्या आधी १५ मिनिटं, फक्त काय आलंय ते पाहण्यासाठी. आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास, उत्तरं देण्यासाठी. मधली सुट्टी यात धरू नका. तेव्हा पोषण आहाराचं वाटप असतं आणि मुलांकडे लक्ष हवं असतं. बाकीच्या वेळी मेलची आणि ग्रुपची घंटी बंद.

यावर हमखास प्रश्न येतो, "आणि तातडीचं काही असलं तर?" अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी द्यायची असेल, तपासणीसाठी कोणी येत असेल, तर माणूस फोन करतो. फोन चालू ठेवा. जे काम फोन करण्याइतकं तातडीचं नाही, ते शाळा सुटेपर्यंत थांबू शकतं.

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. केंद्रप्रमुखांना सगळ्या शाळांची माहिती एकत्र करून तालुक्याला द्यावी लागते आणि तालुक्याला जिल्ह्याकडे. एका शाळेचा तक्ता आला नाही की पूर्ण केंद्राचं काम अडतं. त्यामुळे वेळ ठरवणं म्हणजे टाळाटाळ करणं नव्हे. उलट, "आमच्या शाळेचं उत्तर रोज संध्याकाळी येतंच" हा भरवसा एकदा बसला की दुपारी विचारणा करणारे मेसेज आपोआप कमी होतात.

आवक रजिस्टर मोबाइलमध्ये का नाही?

टपालाने येणारं प्रत्येक पत्र आपण आवक रजिस्टरला नोंदवत आलो. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, कार्यवाही. पत्र उघडलं आणि नुसतंच टेबलावर ठेवलं, असं चालत नव्हतं. मेलचं मात्र नेमकं तेच होतं. आपण तो उघडतो, वाचतो, "बघू नंतर" म्हणतो आणि तो खाली सरकतो. दोन दिवसांनी तोच मेल शोधत बसतो.

म्हणून नियम एकच ठेवा. मेल उघडला की त्याचं काय करायचं ते तिथेच ठरवायचं. वाटा चारच आहेत.

१. दोन मिनिटांत उत्तर देता येत असेल तर लगेच देऊन मोकळं व्हायचं.

२. वेळ लागणारं, मुदतीचं काम असेल तर वहीत एक ओळ लिहायची. विषय, कोणाला द्यायचं, शेवटची तारीख. मेलला तारा लावून ठेवायचा. ही वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर असावी, म्हणजे कोणी रजेवर असलं तरी काम कळतं.

३. शासन निर्णय, परिपत्रक असं पुढे लागणारं काही असेल तर त्याला लेबल लावायचं. 'पोषण आहार', 'शिष्यवृत्ती', 'प्रशिक्षण', 'बांधकाम' अशी सात-आठ लेबलं भरपूर झाली. पन्नास केली तर पुन्हा शोधाशोध आलीच.

४. आपल्याशी संबंध नसेल तर काढून टाकायचं.

याच्या जोडीला 'शाळा एका पानावर' असा एक तक्ता तयार ठेवा. ११ अंकी यू-डायस क्रमांक, इयत्तावार आणि प्रवर्गवार पट, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, वीजजोडणी, शिक्षकांची नावं आणि रुजू दिनांक. फिरून फिरून याच गोष्टी विचारल्या जातात. दर महिन्याच्या १ तारखेला पट दुरुस्त केला की पुढचा महिनाभर रजिस्टर उघडून मोजत बसायला नको.

मेलची जागा हा आणखी एक दुर्लक्षित विषय. जीमेलच्या मोफत खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो आणि व्हिडिओ त्यातच साठवले की ती भरते, आणि भरली की नवीन मेल येणंच थांबतं. वर्षातून दोनदा, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीआधी, साफसफाई करावी.

'प्रति' आणि 'प्रत'

आता आपण पाठवतो त्या मेलबद्दल. मुलांना आपण पत्रलेखन शिकवतो. दिनांक, प्रति, विषय, मायना, मजकूर. दहावीच्या मराठीच्या पत्रात तर आता ई-मेल पत्ताही लिहायला सांगतात. आणि आपण स्वतः काय करतो? विषयाची जागा रिकामी, मजकूर नाही, फक्त एक फाईल जोडलेली आणि फाईलचं नाव 'नवीन फायनल २'. अशा शंभर फाईल समोर आल्यावर उघडणाऱ्याने शाळा कशी ओळखायची?

विषय असा लिहा, की मेल न उघडताही समजेल: "जि. प. शाळा, गावाचं नाव, जुलै पट". फाईललाही तेच नाव द्या.

कार्यालयीन पत्रात 'प्रति' वेगळं आणि शेवटी 'प्रत माहितीसाठी' वेगळं असतं. 'प्रति'खाली ज्याचं नाव, त्याने काम करायचं. 'प्रत' ज्याला, त्याने फक्त माहिती घ्यायची. मेलमधला 'सीसी' म्हणजे हीच प्रत. कार्बन कॉपीवरूनच ते नाव आलं आहे. हा फरक पाळला तर निम्मा गोंधळ संपेल. दहा जणांना 'प्रति' लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी करेल. आणि सगळ्यांना पाठवलेल्या मेलला सगळ्यांनाच "ओके सर" असं उत्तर देण्याची गरज नसते.

एक कळकळीची विनंती. जनरल रजिस्टर आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो. मग त्यातल्याच मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खातं असलेली यादी ग्रुपवर कशी टाकतो? घाई कितीही असली तरी अशी माहिती ज्याने मागितली त्यालाच द्यावी. मागणाऱ्यांनीही ती ग्रुपवर मागू नये.

खातं शाळेचं, मग पासवर्ड कोणाचा?

अनेक ठिकाणी शाळेचा मेल एका शिक्षकाच्या मोबाइल नंबरला जोडलेला असतो. बदली झाली की नंबर त्यांच्याबरोबर जातो आणि नवीन माणूस पासवर्डसाठी फोन करत राहतो. कपाटाच्या किल्ल्या जशा प्रभार यादीत लिहून देतो, तसाच मेलचा आणि पोर्टलचा पासवर्डही रीतसर द्यावा, जोडलेला नंबर बदलून घ्यावा आणि नवीन व्यक्तीने पासवर्ड लगेच बदलावा. जुनी पत्रं हा शाळेचा दप्तर आहे, कोणा एकाचा नाही.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, वर्गाच्या ग्रुपवर शाळेच्या वेळेत मेसेज टाकला आणि सरांनी किंवा बाईंनी उत्तर दिलं नाही, तर राग मानू नका. त्या वेळी ते तुमच्याच मुलाला शिकवत आहेत. उत्तर संध्याकाळी मिळेल. मूल आजारी आहे, घ्यायला यायचंय, असं काही असेल तर सरळ फोन करा. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कधीतरी हेही विचारा, की शिक्षकांचा किती वेळ माहिती भरण्यात जातो. हा प्रश्न शिक्षकाने विचारला की कुरकुर वाटते. पालकांनी विचारला तर त्याची दखल घेतली जाते.

शेवटी, हे एकट्या शाळेने करून पूर्ण होणार नाही. येत्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं या विषयाला मागून घ्या. तीनच गोष्टी ठरवा: माहितीची मागणी आठवड्यातून ठरावीक दिवशी एकत्र यावी, एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नये आणि 'तात्काळ' हा शब्द खरोखर तात्काळ असेल तेव्हाच लिहावा. सगळं लगेच मान्य होईलच असं नाही. पण तोपर्यंत आपल्या वर्गातली घंटी बंद ठेवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.