चार जायज, पण न्याय कुणी मोजायचा?

बहुपत्नीत्वाचा विषय शिबिरात निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "मुसलमानांत चार बायका चालतात" हे एक. "कुराणाचा खरा अर्थ तसा नाहीच" हे दुसरे. पहिले बहुधा हिंदू कार्यकर्त्या बोलतात, दुसरे मुस्लीम मैत्रिणी, आणि चर्चा तिथेच थांबते.

आधी आकडे उरकून टाकू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, नवऱ्याला आणखी बायको आहे असे सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया मुस्लिमांत १.९ टक्के होत्या, हिंदूंत १.३ टक्के. हिंदू पुरुषाला १९५५ पासून कायद्याने एकच बायको आहे, तरी मूल नाही, मुलगा नाही म्हणून दुसरी करणारे मराठवाड्यात आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. फरक एवढाच की मुस्लीम पुरुषाच्या पाठीशी कायदा आणि धर्माचे नाव दोन्ही असतात. म्हणून धर्मपंडित काय म्हणतात हे आपल्याला माहीत हवे. ते एकमुखाने काहीच म्हणत नाहीत, हेही माहीत हवे.

वाद आहे कुराणाच्या चौथ्या सूऱ्यातल्या दोन आयतींचा. तिसऱ्या आयतीत अनाथांना न्याय द्यायच्या संदर्भात दोन, तीन, चार स्त्रियांशी विवाहाची मुभा येते. पण न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच, असेही तिथेच म्हटले आहे. १२९ व्या आयतीत सांगितले आहे की कितीही इच्छा असली तरी बायकांमध्ये पुरता न्याय तुम्हांला जमणार नाही. निदान एकीकडे पूर्ण झुकून दुसरीला अधांतरी लटकत ठेवू नका. या लटकत ठेवलेलीसाठी अरबी शब्द आहे 'मुअल्लका'. आपण तिला 'टाकलेली' म्हणतो.

या दोन आयती जोडून वाचायच्या की वेगळ्या, यावर सगळे भांडण आहे. आणि त्याचे दोन्ही पक्ष आपल्या जुन्या निजामी मुलखात सापडतात. हैदराबादला निजामाच्या नोकरीत असलेले चिराग अली यांनी १८८३ च्या पुस्तकात मांडले की अट अशक्य आहे असे कुराणच सांगते, म्हणजे मुभाही संपली. औरंगाबादेत १९०३ साली जन्मलेले मौलाना मौदूदी नेमके उलट सांगतात. पारंपरिक उलेमांप्रमाणे ते म्हणतात, तिसऱ्या आयतीतला न्याय म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, सहवास. १२९ व्या आयतीत बोलले आहे ते मनाच्या ओढीबद्दल. कुराणाला बहुपत्नीत्व बंद करायचे होते असे म्हणणाऱ्यांना ते पाश्चात्त्यांचे मानसिक गुलाम समजतात. पुढे मुंबईच्या असगर अली इंजिनियर यांनी आयतीतला 'न्याय' हाच मूळ गाभा आणि चारचा आकडा त्या काळापुरता, असा अर्थ लावला. चिराग अलींसारखाच युक्तिवाद करून ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्वावर बंदी घातली.

मला यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. नवऱ्याने न्याय केला नाही आणि बायकोने तक्रार केली, तर हस्तक्षेपाचा अधिकार इस्लामी राज्याला आहे, हे मौदूदींनीही लिहिले आहे. म्हणजे मुभा मानणारेसुद्धा ती बिनशर्त मानत नाहीत. गावात मात्र मुभा तेवढी पोहोचली, अट वाटेतच राहिली.

पोखर्णीला आमच्याकडे येणाऱ्या एका बाईच्या नवऱ्याने पुण्यात कामावर असताना दुसरा निकाह केला. तीन मुले हिच्याकडे, पैसे येणे बंद. जमातीच्या वडीलधाऱ्यांनी सबर करायला सांगितले. ती म्हणाली, "चार जायज है बोलते सब, खर्चे का कोई नइं बोलता." चिराग अली की मौदूदी, याने तिला काही फरक पडत नाही. न्याय झाला की नाही हे ठरवणारा माणूस तिचा नवराच, ही तिची अडचण आहे.

१९३९ च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्याने, नवरा कुराणाप्रमाणे समान वागवत नसेल तर बायकोला न्यायालयातून तलाक मागता येतो. नवऱ्याने दुसरा निकाह केला तर वेगळे राहून पोटगी मागण्याचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली मान्य केला. किती गावांत हे ठाऊक आहे?

बंदी हवीच, यात माझ्या मनात शंका नाही. हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लीम स्त्रियांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, त्याला साठ वर्षे होत आली. पण हिंदू बंदीचा अनुभव विसरू नका. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही, तर गुन्हाही नाही. नवरा सुटला. शिवाय बंदीनंतर दुसरी बाई कायद्याने कुणाचीच बायको उरत नाही. पहिली असल्याचे लपवून लग्न केले असेल तर तिलाही पोटगी द्यावी, असे म्हणायला न्यायालयाला २०१३ साल उजाडले. तेव्हा मुस्लीम पुरुषाला बंदी घालताना दुसरीची पोटगी आणि राहण्याची सोय त्याच कायद्यात लिहून घ्यावी लागेल. नाहीतर एका मुअल्लकेच्या जागी दोन होतील.

तोपर्यंत निकाहनामा आहे. नवऱ्याने दुसरी केल्यास तलाकचा अधिकार बायकोकडे, अशी अट घालता येते. तिला तफवीज म्हणतात. हनफी परंपरेत ती बसते आणि भारतातल्या न्यायालयांनीही ती मानली आहे. आम्ही एका काझीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, मनाई काही नाही, पण लिहा म्हणून कुणी सांगत नाही. मुलीचे बाप घाबरतात, सोयरीक मोडेल म्हणून. बचत गटातल्या ज्या मैत्रिणींच्या मुलींची लग्ने यंदा ठरत आहेत, त्यांच्या घरी आम्ही आता याच बोलणीसाठी जात आहोत.