गो-अराउंड!

मे महिना, संध्याकाळची पुणे-दिल्ली फ्लाइट आणि बॅगेत मैत्रिणीच्या संगीतसाठी खास शिवून घेतलेला लेहंगा. खाली दिल्लीचे दिवे दिसायला लागले होते. चाकं बाहेर आल्याचा आवाजही झाला. मी लिपस्टिक काढणार, तेवढ्यात इंजिनं गरजली आणि आम्ही पुन्हा वर!

"उतरवायचं सोडून वर कुठे नेतोय हा?" शेजारचे काका भडकले. कॅप्टनने शांतपणे सांगितलं, खाली आँधी आलीये, आपण जयपूरला चाललोय. जयपूरला विमानातच दोन तास बसून होतो. काकांच्या सुरात सूर मिसळून मीही पायलटचा यथेच्छ उद्धार केला. खोटं कशाला बोलू?

मध्यरात्री दिल्लीत टॅक्सी मिळाली. ड्रायव्हर भैया फरीदाबादचे. माझं रडगाणं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हमारे यहाँ तो गिर गया था."

घरी येऊन वाचून काढलं. २५ मे २०११ची रात्र. पाटण्याहून एका गंभीर पेशंटला दिल्लीला आणणारी एअर अँब्युलन्स, पिलाटस पीसी-१२. दिल्ली अगदी जवळ आली होती आणि हवा बिघडली. विमान फरीदाबादच्या पर्वतीया कॉलनीतल्या घरांवर कोसळलं. दोन्ही पायलट, पेशंट, सोबतचा नातेवाईक, मेडिकल टीम... विमानातले सातही जण गेले. आणि खाली आपापल्या घरात असलेले तिघं.

हे एकाच इंजिनाचं विमान. पूर्ण भरलं तरी वजन साधारण साडेचार टन. आपलं नेहमीचं एअरबस ए३२० सत्तर टनांच्या पुढे जातं. वादळी ढगात हवा एका ठिकाणी जोरात वर चढते आणि शेजारीच खाली कोसळते. एवढ्याशा विमानाला तिथे काय वाटत असेल? त्यात रात्र. बाहेर काहीच दिसत नसलं की कान तोल चुकीचा सांगतात. सरळ चाललोय असं वाटतं आणि विमान कललेलं असतं. डीजीसीएच्या चौकशीत एकच असं कारण निघालं नाही. हवामानाचा फटका, कंट्रोल्स हाताळण्यातली चूक, दिशेचा भ्रम, यापैकी एक किंवा सगळंच मिळून, असा निष्कर्ष निघाला.

मोठी विमानं सुटतात असंही नाही हं. २ ऑगस्ट १९८५ला डॅलसला उतरताना डेल्टा १९१ वादळात सापडलं. आधी समोरून जोराचा वारा, मग वरून खाली दाबणारा, मग पाठीमागून. वेग गेला आणि सावरायला उंचीच उरली नाही. १३७ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत असा वारा ओळखून सावध करणारी यंत्रं विमानांत सक्तीची झाली, पायलटना त्याचं ट्रेनिंग मिळू लागलं. पटलं नाही की पुन्हा वर जायचं, हा त्यातलाच धडा.

आपल्याकडचा वळीवही असाच की. पाच मिनिटांपूर्वी ऊन, आणि आता गच्चीवरचे पत्रे उडताहेत. फक्त आपण चहा टाकतो आणि खिडकीत उभे राहतो.

मला एक गोष्ट राहून राहून छळते. त्या पेशंटकडे घाई करायला खरंच कारण होतं. थांबणंही त्याला महागात पडलं असतं. माझ्याकडे काय होतं? लेहंगा!

संगीतला पोचले तेव्हा डीजे वायर गुंडाळत होता. गुलाबजाम तेवढे शिल्लक होते. परतीच्या फ्लाइटलाही बोर्डवर 'डिलेड' झळकलं. रांगेत एकाने सुरुवात केली, "काय फालतूपणा आहे यार..." या वेळी मी सूर मिसळला नाही. त्याला फरीदाबादची गोष्ट सांगितली. वेळ होताच भरपूर.