दार लागत नाही, बॉस!

ऑफिसात सध्या माझी ओळख ‘ती पद्मिनीवाली’ अशी झालीय. लंच टेबलवर बाकीचे ईएमआय, अप्रेझल आणि नव्या एसयूव्हीच्या वेटिंगवर बोलतात, मी पत्र्यावर. तर मंडळी, आज पत्राच.

बाबांची प्रीमियर पद्मिनी १९८४ची, क्रीम कलर. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग सीट. त्या सीटवर आई-बाबांच्या मध्ये बसून मी वाईला जायचे. २००९पासून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली होती. इंजिनाचं काम तसं सरळ झालं. रडवलं ते बॉडीनं. दारांच्या खाली ज्या आडव्या पेट्या असतात, गॅरेजवाले त्यांना रनिंग बोर्ड म्हणतात, त्या आतून गंजून पापड झाल्या होत्या. बोट टेकवलं की आत!

पद्मिनी बनणं २०००च्या सुमारास थांबलं. म्हणजे कंपनीचा पत्रा मिळणं नशिबाचा भाग. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या होत्या तोवर निदान कॉपी पार्ट भरपूर होते. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. मी पुण्यात नाना पेठ पालथी घातली आणि शेवटी ‘नवाकोरा, एकदम फिट’ असा रिप्रॉडक्शन सेट मिळाला. हौस बघा माझी, गाडीला लावून बघायच्या आधीच तो क्रीम रंगात रंगवून घेतला. फोटोत कसला भारी दिसत होता! रंगवलेला माल दुकानदार परत घेत नाही, ही अक्कल नंतर आली.

पहिल्या गॅरेजनं एका दिवसात दोन्ही बाजू कापल्या, नवे पत्रे सलग वेल्ड केले आणि फोन आला, ‘मॅडम, काम ओके.’ मी गेले. उजवं पुढचं दार लावलं. ठण्ण! खालचा कोपरा नव्या पत्र्यावर आपटून परत माझ्याकडे. मागचं लागायचं, पण मध्ये अशी फट, की पेन्सिल आरपार जावी.

दुसऱ्या गॅरेजचे डेंटरमामा पासष्टीचे. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही आधी, नुसती एक सुतळी मागितली. दाराच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी ताणली, गाठ मारली आणि तीच डावीकडे लावली. उजवीकडे आठ मिलिमीटर कमी.

‘ताई, गाडी बसलीय.’

आता हे जरा समजून घ्या, कारण माझे पैसे इथेच बुडाले. ट्रकला खाली चासी असते, तिच्यावर बॉडी ठेवलेली. आपली पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, आणि त्या गाडीला १९५३पासूनच वेगळी चासी नाही. फ्लोअर आणि दाराखालच्या या पेट्या, हाच तिचा कणा. दोन्ही बाजूंचा कणा एकदम काढला आणि आत आधाराला पाइप नाही, तर गाडी मधोमध वाकणारच. वाकलेल्या गाडीला पत्रा वेल्ड केला, की वाक कायमचा. त्यात पत्रा कॉपीचा. मामांच्या मते त्याचा साचा एखाद्या ठोकून दुरुस्त केलेल्या टॅक्सीवरूनच काढलेला. म्हणजे त्या टॅक्सीचा अपघात आमच्या दारात!

मी मॅनेजरच्या सुरात म्हटलं, ‘मामा, दार खालून थोडं घासा ना. उरलेलं पुटीत भरू.’ माझं गणित वेगळं होतं. बाबांच्या हाताला आता कंप येतो. पुढच्या वर्षी ते गाडी चालवू शकतील का, हे डॉक्टर स्पष्ट सांगत नाहीत. मला दसऱ्याला त्यांच्या हातून सोसायटीत एक चक्कर हवी होती. घासलं तर चार दिवस, उचकटून नीट केलं तर अडीच महिने.

मामा म्हणाले, ‘मालकांना विचारा.’

फोनवर बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘दार घासू नकोस गं. तेवढंच ओरिजिनल राहिलंय. नवा पत्रा काप.’

‘अहो बाबा, पण दसरा…’

‘काप.’

मग सुरू झालं खरं काम. वेल्ड कापले. चौकटीत लोखंडी पाइप टाकून, जॅकनं रोज थोडं थोडं उचलत सुतळीची गाठ जागेवर आणली. एका वेळी एकच बाजू. नवा पत्रा आधी नुसता स्क्रूवर, दारं बिजागरीवर चढवलेली, आणि दार उघड-बंद, उघड-बंद. मामांचं माप काय, तर जुनी जाडी पाच रुपयांची दोन नाणी एकावर एक, साधारण पाच मिलिमीटर. ती फटीतून वरपासून खालपर्यंत न अडकता सरकली पाहिजेत. अडकली की स्क्रू काढा, पत्र्याची कड चिरा, ठोका, परत लावा. त्या पत्र्याला एकूण अकरा वेळा उतरवला. माझा लाडका क्रीम रंग पहिल्याच दिवशी खरवडला गेला.

वेल्डिंगही सलग नाही. एक टाका इथे, मग हातभर लांब दुसरा, मध्ये चहा. एका जागी उष्णता साठली की पत्रा लाटेसारखा उठतो. शेवटी पेटीत आतून मेणाचा फवारा आणि खालची भोकं उघडी. जुन्या पेट्या याच भोकांत माती बसून, पाणी तुंबून सडल्या होत्या.

दसरा गेला. दिवाळी गेली. त्या दिवसांत मी मामांशी दोनदा भांडले, कारण घरी बाबांचा चहाचा कप बशीत वाजायला लागला होता.

जानेवारीत एका रविवारी बाबांना गॅरेजवर नेलं. गाडी अजून प्रायमरमध्येच, राखाडी, सीटसुद्धा नाहीत. ते काठी टेकत उजव्या बाजूला गेले, दार उघडलं आणि सोडून दिलं. ढप्प. तोच जुना आवाज. परत उघडलं, परत सोडलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून. मग फेरी मारून डावीकडे गेले आणि तेच केलं.

मी मोबाइलवर व्हिडिओ घेत होते. बाबा मामांकडे वळले.

‘मागचं डावं अजून थोडं वर घ्या.’

मामांनी खिशातून नाणी काढली.